वर्ध्याचा अन्नप्रयोग : जातें, घाणी व कोठीची वही

राज्यांच्या उलाढाली, तह, वतनें व सनदा यांचे कागद महाराष्ट्रांत पुष्कळ जमले, आणि त्यांतील बरेच छापूनही निघाले. परंतु ज्यांनीं सारा भरला व ज्यांनीं ओझीं वाहिलीं तीं माणसें सकाळसंध्याकाळ काय खात होतीं, हा प्रश्न टाकतांच आपलीं दप्तरें बहुधा मुकीं होतात. मुदपाकखान्याचे हिशेब मिळतात, शिध्याच्या यादी मिळतात, लग्नमुंजींच्या खर्चांत तूप, साखर व गहूं यांचे आंकडे मिळतात. पण हे सर्व वाड्यांतले कागद होत. झोपडींतील भाकरीची नोंद क्वचितच कोणी ठेविली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४३ सालीं जिलबीच्या इतिहासाच्या निमित्तानें भारतीय आहारशास्त्रावर टिपणें प्रसिद्ध केलीं, व रघुनाथ गणेश नवहस्त याच्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथाचा काळ इ. स. १६७५ ते १७०० च्या दरम्यान बसविला. गोडे यांचें हें काम मोलाचें खरें. तथापि त्यांतून हातीं येतें तें मुख्यतः ग्रंथांतील पक्वान्नांचें ज्ञान होय.

प्रस्तुत लेखांत आम्हीं अशा एका प्रकरणाचा विचार योजिला आहे कीं, ज्यांत गरिबाचें ताट हाच मुख्य विषय होता व ज्याचे कागदही पुष्कळसे उपलब्ध आहेत. हें प्रकरण म्हणजे इ. स. १९३४ पासून १९४८ पर्यंत वर्धा जिल्ह्यांत मगनवाडी व सेवाग्राम येथें चाललेला अन्नप्रयोग. त्याकडे सामान्यतः महात्मा गांधींच्या शाकाहारव्रताचें एक अंग म्हणून पाहिलें जातें. आमच्या मतें ही दृष्टि अपुरी आहे. मांस खावें कीं न खावें, हा वर्ध्याचा मुख्य वाद नव्हता. दाण्यांतून, बियांतून व उंसांतून यंत्र काय काढून घेतें आणि तें कोणाच्या ताटांतून उणें होतें, हा तेथील खरा वाद होता. हें दाखविण्यासाठीं प्रथम जिल्ह्याचें जुनें अन्न, नंतर प्रयोगाचे कागद, व शेवटीं त्या कागदांची पारख, असा क्रम आम्हीं धरला आहे.

वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपुरापासून वेगळा काढण्यांत आला. आरंभीं त्याचें ठाणें पुलगांवाजवळ कवठा येथें होतें. १८६६ सालीं पालकवाडी या खेड्याच्या जागीं नवें शहर वसवून तें तेथें आणिलें. लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, आणि हिंगणघाटचा नामांकित कापूस आगगाडीनें मुंबईस जाऊं लागला. काळी कसदार जमीन, व तींत कपाशी, ज्वारी, गहूं, तूर व जवस हीं पिकें, असें या जिल्ह्याचें रूप आर. व्ही. रसेल यांनीं संपादिलेल्या १९०६ च्या जिल्हा गॅझेटियरांत दिसतें. त्यांतील कपाशी, जवस व बराचसा गहूं हीं विकण्याचीं पिकें. ज्वारी ही घरीं खाण्याची. ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, पावसाळ्यांत बांधावरचा तरोटा व घोळ, उन्हाळ्यांत वाळवणें, असें सामान्य कुणब्याचें जेवण असे. दूधतूप ज्याच्या गोठ्यांत त्याच्या घरीं.

या जेवणास शाकाहार म्हणावयाचें असेल तर त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखिले पाहिजेत. एक व्रताचा. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें पीठ, तेथेंच इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनीं 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. अहिंसा हा त्या पंथाचा कणा आहे, व माळकरी वारकरी आणि जैन यांचेंही तसेंच. त्या ग्रंथांत साध्या माणसांचे खाण्याचे पदार्थ प्रसंगाप्रसंगानें येतात, म्हणून अन्नेतिहासाच्या अभ्यासकानें तो याही दृष्टीनें चाळावा. दुसरा प्रकार संवयीचा व गरिबीचा. शेतकरी व मजूर वर्गांत मांस पुष्कळांस वर्ज्य नव्हतें. सणास, नवसास किंवा पाहुण्यास तें शिजे. परंतु वर्षांतील बहुतेक दिवस ताटांत भाकर व कोरड्यास याखेरीज कांहीं नसे. हा शाकाहार कोणत्याही पोथीनें सांगितलेला नव्हता. तो खिशानें ठरविलेला होता. गांधीजी वर्ध्यास आले तेव्हां त्यांची गांठ मुख्यतः या दुसऱ्या शाकाहाराशीं पडली.

आतां प्रयोगाकडे वळूं. ऑक्टोबर १९३४ मध्यें मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनांत ठराव झाला, व त्यास अनुसरून ता. १४ डिसेंबर १९३४ रोजीं वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अध्यक्ष वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू व चिटणीस जे. सी. कुमारप्पा. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतपासनीस, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कारण पुढें या संघानें अन्नाकडे पाहिलें तें जमाखर्चाच्या दृष्टीनें. संघास सल्ला देणाऱ्या मंडळींत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय व चंद्रशेखर व्यंकट रामन् यांच्याबरोबर कुन्नूर येथील पोषणसंशोधक सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांचेंही नांव आढळतें. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग संघास दिली. मगनलाल गांधी १९२८ सालीं वारले होते, त्यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हें नांव पडलें. गांधीजी १९३५ च्या आरंभापासून तेथें राहिले व ता. ३० एप्रिल १९३६ रोजीं शेगांव या खेड्यांत गेले. वऱ्हाडांतील शेगांव स्टेशनाशीं टपालाचा घोटाळा होऊं लागला म्हणून १९४० सालीं या खेड्याचें नांव सेवाग्राम ठेविलें.

मगनवाडींत असतांना गांधीजींनीं स्वयंपाकघराची व्यवस्था स्वतःकडे घेतली. सडीक तांदुळाच्या जागीं हातसडीचा, गिरणीच्या पिठाच्या जागीं जात्याचें कोंड्यासह पीठ, गिरणीच्या तेलाच्या जागीं घाणीचें, साखरेच्या जागीं गूळ, व दर जेवणास कांहीं कच्चा पाला, हा तेथील नियम. यांतील प्रत्येक गोष्टीवर 'हरिजन' साप्ताहिकांत त्या काळांत लेख आहेत. तांदुळावरचा वाद संघ स्थापन होण्यापूर्वीं, ऑक्टोबर १९३४ मध्यें, सुरू झाला होता. पालेभाज्यांच्या पोषणमूल्यावरील लेख फेब्रुवारी १९३५ चा आहे.

या नियमांमागें केवळ साधेपणाची आवड होती असें समजणें चूक ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत डच वैद्य आयक्मन यानें असें पाहिलें कीं, सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या रोगानें लुळ्या पडतात, व कोंडा घातला कीं बऱ्या होतात. १९१२ सालीं फुंक यानें अशा अदृश्य द्रव्यांस 'व्हिटामिन' हें नांव दिलें. १९२९ सालीं आयक्मन यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत मॅक्कॅरिसन यांनीं उंदरांस हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार घालून पाहिले. संबंध गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाज्या व क्वचित् मांस, असा पंजाबी शिखांचा आहार सर्वांत सरस ठरला. सडीक तांदुळावर भिस्त असलेला मद्रासी आहार निकृष्ट ठरला. म्हणजे वर्ध्यानें जें जुनें म्हणून उचललें तें त्या काळच्या सर्वांत नव्या शास्त्रानें उचललेलें होतें.

येथें एक बारीक पण महत्त्वाचा भेद सांगितला पाहिजे. तांदुळाचा वाद वर्धा जिल्ह्याच्या गरिबास फारसा लागू नव्हता. त्याचें अन्न ज्वारी. आणि ज्वारी घरच्या जात्यावर दळली जाई तेव्हां तिचा कोंडा व अंकुर पिठांतच राहत. अलीकडील पोषणशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर ज्वारींत जें अमिनो आम्ल कमी पडतें तें तुरीच्या डाळींत असतें, व भाकर आणि वरण मिळून प्रथिनाचा मेळ बसतो. तेव्हां शेगांवच्या मजुराचें अन्न संबंध धान्याचें होतें. दोष दाण्यांत नव्हता, ताटाच्या रित्या भागांत होता. वरणास डाळ पुरत नसे, तेल थेंबानें पडे, पाला पावसाळ्यापुरता, व दूध नाहीं. गांधीजींनीं पालेभाज्या, चिंच, कडुनिंब अशा फुकट किंवा स्वस्त वस्तूंवर इतका भर कां दिला, याचें उत्तर या रित्या भागांत आहे.

घाणीचें प्रकरणही असेंच. तेली बैलघाणीवर जवस, तीळ किंवा भुईमूग गाळी; तेल गांवांत राही व ढेप गांवच्या गुरांस मिळे. घाणीनें गिरणीइतकें तेल निघत नसे, परंतु मागें राहिलेला अंश ढेपींतून बैलाच्या पोटांत जाई. बी गिरणीस विकलें कीं तेल, ढेप व मजुरी हीं तिन्हीं गांवाबाहेर जात. झवेरभाई पटेल यांनीं मगनवाडींत घाणीच्या रचनेंत सुधारणा केली, ती हा ओघ अडविण्याकरितां. ता. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें उघडलेल्या मगन संग्रहालयाचा जन्म याच विचारांतून झाला.

सोयाबीनचा इतिहास तर विशेष मनोरंजक आहे. १९३५ सालीं मगनवाडींत त्याचे प्रयोग झाले व 'हरिजन'मध्यें त्यावर लिहिलें गेलें. पुढल्याच वर्षीं बडोदें संस्थानचे अन्नपाहणी अधिकारी एफ्. एस्. काळे यांचा सोयाबीनवरील इंग्रजी ग्रंथ निघाला. मांस न खाणाऱ्या गरिबास स्वस्त प्रथिन मिळावें, हा त्या वेळचा हेतु. कच्च्या सोयाबीनमध्यें पचनास अडविणारें द्रव्य असतें व तें चांगलें शिजविल्यानें नष्ट होतें, हें आज निश्चित झालें आहे; म्हणून हा पदार्थ स्वयंपाकघरांतच तपासून पाहणें ही पद्धत बरोबर होती.

सर्वांत कठीण प्रश्न दुधाचा. गांधीजींनीं १९१२ सालीं टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलें होतें. १९१८ सालच्या मोठ्या दुखण्यांत त्यांची प्रकृति खालावली, आणि कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनीं शेळीचें दूध घेण्यास आरंभ केला. १९२९ सालीं साबरमतीस त्यांनीं न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग केला. तोही प्रकृति बिघडल्यामुळें सोडावा लागला, व हें त्यांनीं आपल्या पत्रांतून प्रसिद्ध केलें. १९४२ सालीं आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतांना त्यांनीं 'आरोग्याची किल्ली' हें पुस्तक गुजरातींत लिहिलें. त्यांत दूध हा प्राणिज पदार्थ आहे, कडक शाकाहारांत तो बसत नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट मान्य केलें आहे. इतकेंच नव्हे, तर दूध घेणाऱ्यास निर्जीव अंड्याची हरकत नसावी, येथपर्यंत ते गेले आहेत. इतकें असूनही दुधावांचून चालत नाहीं असाच त्यांचा अनुभव होता. त्याचें एक कारण शास्त्रास १९४८ सालीं, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षीं, सांपडलें. त्या वर्षीं ब-१२ हें जीवनसत्त्व शुद्ध रूपांत वेगळें करण्यांत आलें. वनस्पतिज अन्नांत तें भरंवशानें मिळत नाहीं, दुधांत मिळतें. व्रतानें जें नको म्हटलें तें शरीरानें मागितलें, व साक्षीदारानें तें लपविलें नाहीं, याचें मोल इतिहासाच्या दृष्टीनें मोठें आहे.

आतां कागदांची पारख. या प्रयोगांतून निघालेले दोन तक्ते आम्हीं शेजारीं ठेवून पाहिले. पहिला गांधीजींचा, बैठें काम करणाऱ्या माणसासाठीं: गाईचें दूध २ पौंड, धान्य ६ औंस, पालेभाजी ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, कच्ची भाजी १ औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, व दोन लिंबें. दुसरा कुमारप्पांचा, एक लक्ष वस्तीच्या मुलखास स्वावलंबी पीकयोजना आंखण्यासाठीं: त्यांत दर माणशीं रोज धान्य १६ औंस, डाळ २ औंस, गूळ २ औंस व दूध १२ औंस धरिलें आहे. जुन्या मापांत बोलावयाचें तर गांधीजींचें दूध सुमारें ७८ तोळे, म्हणजे पक्क्या शेराला दोन तोळे कमी. कुमारप्पांचें २९ तोळे. उलट धान्य गांधीजींचें साडेचौदा तोळे, व कुमारप्पांचें ३९ तोळे, म्हणजे जवळजवळ अर्धा शेर.

हा फरक मतभेदाचा नाहीं, प्रश्नाचा आहे. एकानें विचारिलें, बैठ्या माणसाचें शरीर निरोगी कशानें राहील? दुसऱ्यानें विचारिलें, जमीन सर्वांस किती देऊं शकेल? ज्यास हा भेद कळला नाहीं तो सेवाग्रामच्या तक्त्यास गरिबाचा आहार समजेल, व फसेल. जिल्ह्याची गवळाऊ जात मुख्यतः ओढकामाची, दूध बेताचें देणारी. जमनालाल बजाज यांनीं आयुष्याच्या अखेरीस गोसेवेचें काम अंगावर घेतलें, आणि ता. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं ते वारले. त्यांची ती धडपड पाहिली म्हणजे शेरभर दुधाची अट ही केवढी मोठी होती हें ध्यानांत येतें. आमच्या मतें आश्रमाच्या तक्त्यापेक्षां कुमारप्पांचा तक्ता इतिहासास अधिक उपयोगी आहे. कारण त्यांत ताट आणि शेत यांचा हिशेब एकाच वहींत मांडला आहे.

याच ठिकाणीं एका सामाजिक गोष्टीचा निर्देश केला पाहिजे. आपल्याकडे अन्नाचा इतिहास हा पंक्तीचाही इतिहास आहे. शेगांवची वस्ती मोठ्या प्रमाणांत हरिजनांची होती, व आश्रमाच्या स्वयंपाकघरांत त्यांचा हात लागलेलें अन्न सर्वांनीं एकत्र बसून खाल्लें. ज्या काळीं गांवच्या विहिरीवरून तंटे होत होते त्या काळीं ही गोष्ट कोंडा व जीवनसत्त्वें यांहून लहान नव्हती. व्रताच्या शाकाहारानें कित्येकदां दुसऱ्यास दूर ठेविलें; या शाकाहारानें एका पंक्तीस बसविलें.

पुढील हकीकत थोडक्यांत देतों. गांधीजींचे आहारविषयक लेख १९४९ सालीं नवजीवननें एकत्र काढिले. ग्रामोद्योग संघ पुढें सर्व सेवा संघांत विलीन झाला. कुमारप्पा १९६० सालीं वारले. जिल्ह्यांत गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें, घाणीही बसली. सोयाबीन मात्र परत आलें, आणि तें निराळ्याच वाटेनें. १९८० नंतरच्या काळांत विदर्भाच्या काळ्या जमिनींत तें पसरलें, व वर्धा जिल्ह्यांत कपाशी, सोयाबीन व तूर हीं आज मुख्य पिकें झालीं. तें पिकविणाऱ्याच्या ताटांत तें बहुधा येत नाहीं. कारखान्यांत जातें, तेल डब्यांत येतें व ढेप कोंबड्यांच्या खाद्यांत जाते. ज्वारीचें क्षेत्र आकसलें, आणि स्वस्त धान्याच्या दुकानांतून गहूं व तांदूळ आले. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष ज्वारीबाजरीसारख्या भरड धान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतून ज्वारीचा गौरव झाला. पण जिच्या भाकरीवर हा जिल्हा वाढला ती ज्वारी येथील शेतांतून मागें सरली होती. १९३५ चा प्रश्न, दाणा कोठें पिकतो व त्याचें सत्त्व कोठें जातें, हा असा अद्याप सुटलेला नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. 'हरिजन'चे अंक, गांधीजींचीं पत्रें, संघाचीं प्रकाशनें हीं ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. सेवाग्रामच्या कुट्याही जतन केलेल्या आहेत. जें नाहींसें होत आहे तें निराळें आहे. मालगुजाराच्या वाड्यांतील कोठीची वही, सालगड्यास वर्षाकाठीं किती कुडव ज्वारी दिली याचे करार, तेल्याच्या घाणीचा हिशेब, बलुत्याच्या धान्याच्या याद्या, मोडींतील वाणसामानाचे रोजमेळ, हीं बाडें आज रद्दींत जात आहेत, कारण त्यांत ना सनद ना शिक्का. सालगड्याच्या एका करारांत लिहिलेली ज्वारी त्याच्या घरच्या माणसांत वांटली कीं दर माणशीं रोजचे तोळे निघतात. आणि ते तोळे कुमारप्पांच्या ३९ तोळ्यांशेजारीं ठेविले कीं त्या घराची उपासमार किंवा सुबत्ता आंकड्यांत दिसूं लागते. वर्धा, आर्वी व हिंगणघाट या तिन्ही भागांतील अशीं दहा-वीस बाडें जरी हातीं आलीं, तरी एका जिल्ह्याच्या भाकरीचा शंभर वर्षांचा इतिहास लिहितां येईल. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते निरुपयोगी समजून टाकूं नयेत. त्यांची नक्कल करून, माप कोणतें, कुडव कीं पायली, पक्का शेर कीं कच्चा, याची टीप देऊन तीं जवळच्या संशोधन मंडळाकडे धाडावींत. मापाची टीप नसेल तर आंकडा वाचतां येतो, पण भूक वाचतां येत नाहीं.